मार्गारेट फुलर : ग्रंथांतील इटलीपासून घरातील इटलीपर्यंत

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी साध्य होतील :
१. मार्गारेट फुलर या अमेरिकन लेखिकेच्या जीवनाचा परिचय करून देता येईल.
२. परभाषेचा व्यासंग आणि व्यक्तिगत जीवन यांतील संबंध उदाहरणासह स्पष्ट करता येईल.
३. ज्ञानभाषा आणि घरातील भाषा यांतील भेद एका चरित्राच्या आधारे सांगता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रांनो, एखाद्या परक्या भाषेचा अभ्यास आपण निरनिराळ्या कारणांनी करतो. कोणी नोकरीसाठी करतो, कोणी परीक्षेसाठी, तर कोणी त्या भाषेतील साहित्याच्या ओढीने. बहुतेकांच्या बाबतीत ही भाषा अभ्यासिकेपुरती राहते. घरात शिरताच आपण आपल्या भाषेकडे वळतो. मात्र काही थोड्या व्यक्तींच्या जीवनात असे घडते की, पुस्तकांतून शिकलेली भाषा कालांतराने त्यांच्या संसाराचीच भाषा होते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन लेखिका, समीक्षक आणि पत्रकार मार्गारेट फुलर हिचे जीवन याचे लक्षणीय उदाहरण आहे.

स्त्रीमुक्तीच्या विचारांची एक आद्य प्रवर्तक म्हणून मार्गारेटचे नाव घेतले जाते. तिच्या चरित्राची ती बाजू महत्त्वाची आहेच. प्रस्तुत घटकात मात्र आपण तिच्या जीवनाकडे एका विशिष्ट सूत्राने पाहणार आहोत. ते सूत्र म्हणजे इटलीविषयीची तिची ओढ आणि त्या ओढीतून तिला लाभलेले कुटुंब.

बालपण : वडिलांची लॅटिन

सारा मार्गारेट फुलर हिचा जन्म २३ मे १८१० रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिजपोर्ट येथे झाला. वडील टिमोथी फुलर हे वकील होते. पुढे ते अमेरिकन काँग्रेसचे सदस्यही झाले. मुलांना त्या काळी मिळे ते सर्व शिक्षण आपल्या थोरल्या मुलीला द्यावे, असे त्यांनी ठरवले. वयाच्या सहाव्या वर्षी त्यांनी तिला लॅटिन शिकवण्यास आरंभ केला. दिवसभराचे काम आटोपून ते रात्री उशिरा तिचा पाठ घेत. चूक त्यांना खपत नसे, आणि उत्तर देताना अडखळलेलेही चालत नसे. अर्थ नेमका आणि निःसंदिग्ध सांगावा, असा त्यांचा आग्रह होता.

या शिस्तीचे दोन परिणाम झाले. एक म्हणजे लहान वयातच व्हर्जिल, होरेस आणि ओव्हिड हे कवी तिच्या परिचयाचे झाले व रोम हे नगर तिच्या मनात ठसले. दुसरा परिणाम दुःखद होता. अपुऱ्या झोपेमुळे आणि मनावरील ताणामुळे तिला भयानक स्वप्ने पडत, झोपेत चालण्याची सवयही लागली. प्रौढपणी लिहिलेल्या आत्मवृत्तात तिने या काळाचे वर्णन केले आहे. वडिलांविषयीचा आदर आणि हरवलेल्या बालपणाची खंत हे दोन्ही भाव त्यात आढळतात. रोमशी तिचा पहिला संबंध जडला तो असा. ते रोम थोर होते, पण कठोरही होते. त्यात पराक्रम आणि कर्तव्य यांना स्थान होते, मायेला फारसे नव्हते.

इटालियन भाषेचा व्यासंग

किशोरवयात मार्गारेटने लॅटिनच्या जोडीला ग्रीक, फ्रेंच आणि इटालियन या भाषांचा अभ्यास केला. बाविसाव्या वर्षाच्या सुमारास ती जर्मन शिकली आणि अवघ्या काही महिन्यांत गटेचे साहित्य मुळातून वाचू लागली. लॅटिन ही इटालियनची जननी आहे. त्यामुळे इटालियनमध्ये तिला ओळखीचे शब्द नव्या रूपात भेटले. तासो, आरिओस्तो, पेत्रार्क आणि दान्ते हे तिचे आवडते कवी होते.

वडिलांनी लावलेल्या शिस्तीतून जे मिळाले नव्हते, ते तिला या काव्यात सापडले असे दिसते. प्रेम, विरह, भक्ती आणि सौंदर्य यांना येथे उघड स्थान होते. युरोपचा, विशेषतः इटलीचा प्रवास करावा, ही तिची तीव्र इच्छा होती. १८३५ मध्ये तसा योग जुळूनही आला. परंतु त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये वडील कॉलऱ्याने वारले. आई आणि धाकटी भावंडे यांची जबाबदारी पंचवीस वर्षांच्या मार्गारेटवर येऊन पडली. प्रवासाचा बेत तिने सोडून दिला आणि उपजीविकेसाठी अध्यापन पत्करले.

१८३६-३७ च्या हिवाळ्यात बोस्टन येथे तिने स्त्रियांसाठी भाषांचे खाजगी वर्ग चालवले. इटालियनच्या प्रगत वर्गात तासो, पेत्रार्क, आरिओस्तो व आल्फिएरी यांच्या निवडक भागांबरोबरच दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'चे संपूर्ण शंभर सर्ग वाचले गेले. ज्या देशात आपण जाऊ शकलो नाही, त्या देशाची भाषा ती इतरांना शिकवत होती.

लेखिका आणि विवाहविचार

पुढील दहा वर्षांत मार्गारेटने मोठा लौकिक मिळवला. राल्फ वॉल्डो इमर्सन आणि त्याच्या भोवतीच्या अतींद्रियवादी विचारवंतांच्या वर्तुळात तिला मानाचे स्थान होते. १८३९ पासून तिने बोस्टनमध्ये स्त्रियांसाठी संवादसभा सुरू केल्या. पहिल्या सभांचा विषय ग्रीक पुराणकथा हा होता. १८४० ते १८४२ या काळात तिने 'द डायल' या नियतकालिकाचे संपादन केले. १८४४ च्या अखेरीस ती न्यूयॉर्कला गेली आणि होरेस ग्रीली याच्या 'न्यूयॉर्क ट्रिब्यून' या वृत्तपत्रात साहित्यसमीक्षा लिहू लागली.

१८४५ मध्ये 'वुमन इन द नाइन्टीन्थ सेंच्युरी' हा तिचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या ग्रंथात तिने विवाहाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवर पतिपत्नी हे केवळ घरखर्च आणि घरकाम वाटून घेणारे भागीदार असतात. दुसरीवर ते एकमेकांना दैवत मानून जगाकडे पाठ फिरवतात. तिसरीवर ते बौद्धिक सहचर असतात, त्यांचे विचार आणि कार्य एक असते. चौथी पायरी सर्वोच्च होय. तेथे दोघे एकाच तीर्थाकडे निघालेल्या यात्रिकांसारखे चालतात, आणि आधीच्या पायऱ्यांवरील चांगले ते सर्व या सहप्रवासात सामावलेले असते. ही मांडणी आपण लक्षात ठेवावी, कारण तिच्या स्वतःच्या जीवनाने या मांडणीची पुढे कसोटी घेतली.

हे लिहिणारी स्त्री स्वतः अविवाहित होती. बुद्धीमुळे लोक तिच्याकडे आकर्षित होत आणि बहुधा तेवढ्यावरच थांबत. ज्यांच्यात तिचे मन गुंतले, त्यांच्याकडून तिला तसा प्रतिसाद मिळाला नाही. न्यूयॉर्कमधील जेम्स नेथन या व्यापाऱ्याशी जडलेला स्नेहही १८४५-४६ मध्ये निराशेत संपला. छत्तिसाव्या वर्षी तिच्यापाशी कीर्ती होती, स्नेही होते, पण स्वतःचे असे घर नव्हते.

इटलीत आगमन

ऑगस्ट १८४६ मध्ये मार्कस आणि रिबेका स्प्रिंग या दांपत्यासमवेत मार्गारेट युरोपला निघाली. जाताना तिने 'ट्रिब्यून'साठी वार्तापत्रे पाठवण्याचे काम स्वीकारले होते. इंग्लंडमध्ये तिने वर्ड्‌स्वर्थ आणि कार्लाइल यांची भेट घेतली. लंडनमध्येच तिची जोसेफ मॅझिनीशी ओळख झाली. इटलीच्या एकीकरणासाठी झटणारा हा देशभक्त त्या वेळी निर्वासिताचे जीवन जगत होता. मॅझिनीचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. त्याच्या आत्मचरित्राचा सावरकरांनी केलेला मराठी अनुवाद १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. मॅझिनीच्या सहवासात मार्गारेटच्या मनातील इटलीला वर्तमानकाळाचा स्पर्श झाला. दान्तेची ही भूमी तुकड्यांत विभागलेली असून तेथील माणसे स्वातंत्र्यासाठी तळमळत आहेत, ही जाणीव तिला प्रकर्षाने झाली.

पॅरिसमध्ये तिला पोलिश कवी आदाम मित्स्किएविच भेटला. केवळ ग्रंथ आणि चिंतन यांत आयुष्य बंदिस्त करू नये, प्रत्यक्ष जगावे, असे त्याने तिला पत्रांतून पुनःपुन्हा सुचवले. १८४७ च्या आरंभी ती जेनोव्हामार्गे इटलीत आली आणि वसंत ऋतूत रोमला पोहोचली. बालपणी ज्या नगराच्या नावाने झोप उडत असे, त्या नगरात तिने छत्तिसाव्या वर्षी पाऊल ठेवले.

ओसोलीची भेट

१ एप्रिल १८४७ हा ईस्टरपूर्वीचा पवित्र गुरुवार होता. सेंट पीटर्स या महामंदिरात सायंप्रार्थना संपल्यावर गर्दीत मार्गारेटची आणि तिच्या सोबत्यांची चुकामूक झाली. तिची अडचण पाहून एक तरुण पुढे आला आणि त्याने तिला मुक्कामापर्यंत पोहोचवले. या तरुणाचे नाव जोव्हान्नी आंजेलो ओसोली. तो तिच्याहून सुमारे दहा वर्षांनी लहान होता. त्याचे घराणे उमराव असले तरी वैभव ओसरलेले होते. घरातील मंडळी पिढ्यानपिढ्या पोपच्या सेवेत होती. ओसोलीचे शिक्षण अल्प होते. इंग्रजी त्याला येत नसे, आणि ग्रंथवाचनाची आवडही नव्हती.

त्याने विवाहाविषयी विचारले तेव्हा मार्गारेटने प्रथम नकार दिला. उन्हाळ्यात ती फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान असा उत्तर इटलीचा प्रवास करीत राहिली. मिलानमध्ये तिने कादंबरीकार मान्झोनीची भेट घेतली. स्प्रिंग दांपत्य पुढील प्रवासास निघून गेले, आणि ऑक्टोबरमध्ये ती एकटी रोमला परतली. कोर्सो या रस्त्यावर तिने खोल्या भाड्याने घेतल्या. ओसोली तेथे नियमित येऊ लागला. त्या हिवाळ्यात आपण आई होणार असल्याचे तिला कळले.

हे नाते गुप्त ठेवावे लागले, याची कारणे समजून घेतली पाहिजेत. रोममध्ये पोपचे शासन होते. कॅथलिक उमरावाने प्रॉटेस्टंट स्त्रीशी विवाह करणे विशेष अनुमतीवाचून शक्य नव्हते. शिवाय ओसोली मॅझिनीच्या प्रजासत्ताकवादी पक्षाकडे झुकलेला होता, तर त्याचे भाऊ पोपच्या पक्षाचे होते. १८४८ च्या आरंभी त्याचे वडील वारले होते. विवाहाचे प्रकरण उघड झाले असते, तर वडिलोपार्जित संपत्तीतील त्याचा वाटा धोक्यात आला असता. या दोघांच्या विवाहविधीची निर्विवाद नोंद आढळत नाही, आणि तो केव्हा झाला याविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. त्यांनी एकमेकांना पतिपत्नी मानले आणि तसेच आयुष्य काढले, याविषयी मात्र मतभेद नाही.

रिएती : मातृत्व

१८४८ च्या उन्हाळ्यात मार्गारेटने रोम सोडले. प्रथम ती लाक्विला या डोंगरी गावी राहिली. नंतर ओसोलीला येणेजाणे सोपे व्हावे म्हणून ती अपेनाइन पर्वतराजीतील रिएती येथे आली. ओसोली रोमच्या नागरी रक्षकदलात होता. त्याला रजा क्वचितच मिळे. म्हणून दोघांचा संसार पत्रांतून चालू राहिला. ही पत्रे इटालियन भाषेत आहेत. प्रकृती, पैसे, टपाल केव्हा येते, भेट केव्हा होईल, राजकीय वार्ता काय आहे, असे त्यांचे विषय आहेत. ज्या भाषेत तिने दान्तेचे शंभर सर्ग शिकवले होते, त्याच भाषेत ती आता घरगुती गोष्टी लिहीत होती.

५ सप्टेंबर १८४८ रोजी तिला मुलगा झाला. त्याचे नाव आंजेलो एउजेनिओ फिलिप्पो. घरात त्याला नीनो म्हणत. अर्थार्जन आणि गुप्तता या दोन्हींसाठी तिला नोव्हेंबरमध्ये रोमला परतावे लागले. बाळाला तिने रिएतीतील एका दूधआईकडे ठेवले. नाताळात आणि पुढे मार्चमध्ये ती त्याला पाहून आली. अमेरिकेतील तिच्या आईला आणि स्नेह्यांना यातील काहीही ठाऊक नव्हते.

प्रजासत्ताक आणि वेढा

दरम्यान रोममधील परिस्थिती वेगाने बदलली. १५ नोव्हेंबर १८४८ रोजी पोपचा मंत्री पेल्लेग्रिनो रोस्सी याचा खून झाला. काही दिवसांतच पोप नववा पायस गाएता येथे निघून गेला. ९ फेब्रुवारी १८४९ रोजी रोमन प्रजासत्ताकाची घोषणा झाली. मार्चमध्ये मॅझिनी रोमला आला आणि लवकरच प्रजासत्ताकाचा प्रमुख सूत्रधार बनला. पोपची सत्ता पुन्हा स्थापन करण्यासाठी फ्रान्सने सैन्य पाठवले. ३० एप्रिल रोजी या सैन्याने रोमवर पहिला हल्ला केला.

त्याच सुमारास क्रिस्तिना बेल्जोयोसो या सरदारकन्येच्या विनंतीवरून मार्गारेटने टायबर नदीतील बेटावरच्या रुग्णालयाची जबाबदारी स्वीकारली. जखमींची शुश्रूषा, स्वयंसेविकांच्या पाळ्या आणि 'ट्रिब्यून'साठीची वार्तापत्रे ही तिची त्या दिवसांतील कामे होती. अमेरिकेने या नव्या प्रजासत्ताकाला मान्यता द्यावी, असा आग्रह तिने आपल्या वार्तापत्रांतून धरला. ओसोली तटबंदीवर पहारा देत होता. मूल रिएतीत होते आणि तेथे जाण्याचा मार्ग वेढ्यामुळे बंद झाला होता. आपल्याला काही झाल्यास मुलाचे काय होईल, या चिंतेने तिने अखेर एमेलिन स्टोरी या अमेरिकन मैत्रिणीला विश्वासात घेऊन सारे सांगितले.

जुलैच्या आरंभी रोम पडले आणि फ्रेंच सैन्य शहरात शिरले. मार्गारेट व ओसोली रिएतीला धावले. तेथे त्यांना नीनो अतिशय कृश अवस्थेत आढळला. त्याला पुरेसे दूध मिळाले नव्हते, पावावर आणि मद्यावर त्याला जगवले जात होते. पुढील काही आठवडे दोघांनी रात्रंदिवस त्याची काळजी घेतली आणि मूल सावरले. पराभव, दारिद्र्य आणि निर्वासन यांच्या छायेत या तिघांना प्रथमच एकत्र राहावयास मिळाले.

फ्लॉरेन्समधील घर

१८४९ च्या शरद ऋतूपासून पुढील वसंतापर्यंत हे कुटुंब फ्लॉरेन्समध्ये होते. मार्गारेटने आता आईला आणि मित्रांना पत्रे लिहून पती व मुलगा यांच्याविषयी कळवले. अनेकांना धक्का बसला. बुद्धिमान मंडळींशी रात्र रात्र वाद घालणाऱ्या या विदुषीने अल्पशिक्षित तरुणाची निवड का करावी, असा प्रश्न त्यांना पडला. तिने या निवडीचे समर्थन करण्याचा फारसा प्रयत्न केला नाही. ओसोली सरळ, प्रेमळ आणि कर्तव्यनिष्ठ आहे, त्याच्या सहवासात मनाला विसावा मिळतो, एवढेच तिच्या पत्रांतून जाणवते.

तिने मांडलेल्या चार पायऱ्यांकडे आता पुन्हा पाहू. हे नाते तिसऱ्या पायरीवर बसत नाही, कारण येथे बौद्धिक सहचर्य नव्हते. परंतु दोघांनी एकाच ध्येयासाठी जीव धोक्यात घातला होता. त्या अर्थी चौथ्या पायरीचे लक्षण येथे आढळते. तिसरी पायरी न चढता चौथी गाठता येते, असे तिच्या ग्रंथात सांगितलेले नव्हते. ते तिच्या जीवनातून पुढे आले.

भाषेच्या दृष्टीनेही या घराचा विचार केला पाहिजे. इंग्रजी ही मार्गारेटची मातृभाषा आणि लेखनाची भाषा होती. या घरात मात्र तिला इंग्रजीचा उपयोग नव्हता. जिच्या वक्तृत्वाची सर्वत्र ख्याती होती, तिला आपल्या घरात दुसऱ्याच्या भाषेत, साध्या वाक्यांत बोलावे लागे. जी भाषा तिच्यासाठी वाङ्मयाची होती, ती ओसोलीसाठी जन्मजात बोलीव्यवहाराची होती. या देवघेवीत मोठेपणा तिच्याकडे राहिला नाही. वडिलांच्या लॅटिनमध्ये चुकण्याची मुभा नव्हती. ओसोलीच्या इटालियनमध्ये ती होती.

या काळात कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग आणि तिचा पती रॉबर्ट ब्राउनिंग हे फ्लॉरेन्समध्ये राहत होते. त्यांचा मुलगा नीनोच्याच वयाचा होता. दोन्ही कुटुंबांत स्नेह निर्माण झाला. मार्गारेट दिवसा इटलीतील क्रांतीचा इतिहास लिहीत असे. हा ग्रंथ आपले सर्वांत महत्त्वाचे कार्य ठरेल, असे तिला वाटत होते.

अखेरचा प्रवास

पैशांची चणचण, पोलिसांची पाळत आणि ग्रंथाच्या प्रकाशनाची निकड यांमुळे तिने अमेरिकेस परतण्याचा निर्णय घेतला. इटलीतच राहावे, असे काही स्नेह्यांनी सुचवून पाहिले होते. खर्च कमी व्हावा म्हणून या कुटुंबाने 'एलिझाबेथ' या मालवाहू शिडाच्या जहाजाची निवड केली. १७ मे १८५० रोजी हे जहाज लिव्होर्नोहून निघाले. जहाजावर कॅरारा संगमरवराचा मोठा साठा होता. जिब्राल्टरजवळ कप्तानाला देवीच्या रोगाने मृत्यू आला. नीनोलाही देवी आल्या, पण तो बरा झाला. जहाजाची सूत्रे अनुभवाने कमी असलेल्या दुय्यम अधिकाऱ्याकडे गेली.

१९ जुलै १८५० च्या पहाटे वादळात हे जहाज न्यूयॉर्कजवळील फायर आयलंडच्या किनाऱ्यालगत वाळूच्या दांड्यावर आदळले. संगमरवराच्या भाराने तळ फुटला. किनारा डोळ्यांना दिसत होता. काही जण फळ्यांच्या आधाराने पोहत तेथे पोहोचलेही. पती आणि मूल यांच्यापासून वेगळे होण्यास मार्गारेटने नकार दिला. त्याच दिवशी दुपारी जहाज मोडून पडले. एक सेवक नीनोला घेऊन पाण्यात उतरला होता. त्या दोघांचे निष्प्राण देह किनाऱ्यास लागले. मार्गारेट आणि ओसोली यांचे देह मिळाले नाहीत. मृत्युसमयी ती चाळीस वर्षांची होती.

इमर्सनच्या सांगण्यावरून हेन्री डेव्हिड थोरो शोधासाठी फायर आयलंडला गेला. क्रांतीच्या इतिहासाचे हस्तलिखित सापडले नाही. मार्गारेट आणि ओसोली यांनी एकमेकांना इटालियनमध्ये लिहिलेली पत्रे तेवढी वाचली. नीनोचे अवशेष पुढे केंब्रिजच्या माउंट ऑबर्न दफनभूमीत नेण्यात आले. तेथे या तिघांचे स्मारक आहे. १८५२ मध्ये इमर्सन आणि इतर मित्रांनी मार्गारेटचे स्मृतिग्रंथ संपादित केले. ओसोली व नीनो यांच्याविषयी आज आपल्याला जे कळते, त्यात वाचलेल्या या पत्रांचा वाटा मोठा आहे.

समारोप

मार्गारेट फुलरच्या जीवनात इटलीची तीन रूपे दिसतात. पहिले रूप वडिलांनी घोकून घेतलेल्या प्राचीन रोमचे, दुसरे स्वतःच्या आवडीने वाचलेल्या इटालियन काव्याचे आणि तिसरे पती, मूल व स्वातंत्र्यलढा यांत जगलेल्या इटलीचे. ग्रंथांच्या अभ्यासावाचून ती रोमला गेली नसती आणि तेथील माणसांच्या आकांक्षा इतक्या लवकर तिला उमगल्या नसत्या. परंतु ओसोली तिला भेटला तो तिच्या विद्वत्तेमुळे नव्हे. गर्दीत वाट चुकलेल्या एका परदेशी स्त्रीला त्याने मदत केली, आणि त्याचे बोलणे समजण्याइतकी भाषा तिला येत होती. त्या घरात ती तीन वर्षांहून अधिक काळ राहू शकली नाही. तरी तेवढ्या काळात परभाषा ही आपुलकीचीही भाषा होऊ शकते, हे तिने आपल्या आचरणाने दाखवून दिले.

स्वाध्याय

१. मार्गारेट फुलरच्या बालपणातील लॅटिनचे शिक्षण आणि तिचा पुढील इटालियन व्यासंग यांतील फरक स्पष्ट करा.
२. मार्गारेट फुलरने सांगितलेल्या विवाहाच्या चार पायऱ्या लिहा व तिचा संसार त्या मांडणीत कोठे बसतो, याविषयी आपले मत सकारण मांडा.
३. 'ज्ञानभाषा आणि घरातील भाषा' या विषयावर प्रस्तुत चरित्राच्या व आपल्या परिसरातील उदाहरणांच्या आधारे निबंध लिहा.
४. टीप लिहा : (अ) रोमन प्रजासत्ताक, (आ) मार्गारेट आणि ओसोली यांचा पत्रव्यवहार.